वॉल्टर व्हाइटने ते कोणासाठी केले?

चोपड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिथली काही मंडळी, ज्यांत एक केळी बागायतदार, एक वकील, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि दोन शिक्षिका आहेत, दर शनिवारी एकत्र बसून ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी मालिका पाहतात आणि नंतर चर्चा करतात. अल्बुकर्की शहरातला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट पन्नाशीत पोहोचतो, त्याला फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे कळते, आणि आपल्यामागे कुटुंबाचे काय होईल या चिंतेने तो जेसी पिंकमन या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून अमली पदार्थ बनवू लागतो. मंडळातल्या निम्म्या लोकांच्या मते त्याने सारे कुटुंबासाठी केले आणि उरलेल्यांच्या मते कुटुंब ही निव्वळ सबब होती. जेन या तरुणीच्या मृत्यूच्या प्रसंगावरून वाद इतका पेटला की दोघांनी येणेच बंद केले. अशा वादाचा निकाल लावता येतो का, की ज्याचे त्याचे मत म्हणून तो सोडून द्यावा, असे त्यांनी मला विचारले आहे.

जळगाव-धुळ्याकडच्या हौशी नटांच्या भूमिका बसवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि काही काळ मी मालिकांचे संवादही लिहिले आहेत, त्या अनुभवावरून सांगते: निकाल लावता येतो, फक्त तो संपूर्ण माणसाचा लावता येत नाही, त्याच्या एकेका कृतीचा लावता येतो. ‘वॉल्टरचा हेतू काय होता?’ हा प्रश्नच चर्चेला निरुपयोगी आहे, कारण ६२ भागांत आणि पाच पर्वांत पसरलेल्या माणसाला एक हेतू असू शकत नाही. ‘अमुक दिवशी, अमुक गोष्ट माहीत असताना, त्याने अमुक का केले?’ असे विचारले तर मालिका बहुतेक वेळा उत्तर देते, आणि ते पडद्यावर दाखवता येते.

तालमीत नट जेव्हा म्हणतो की ‘माझे पात्र हे प्रेमापोटी करते’, तेव्हा मी त्याला संहितेत एक विशिष्ट जागा शोधायला सांगते. पात्राने सांगितलेला हेतू दुसऱ्या, कमी किमतीच्या मार्गाने साध्य होऊ शकत होता असा क्षण कुठे आहे का, आणि त्या क्षणी पात्राने काय केले? जोपर्यंत एकच वाट उपलब्ध असते तोपर्यंत कोणतीही सबब खरी वाटते. दुसरी वाट उघडली, आणि माणूस तरी पहिलीच वाट धरून राहिला, म्हणजे त्याला त्या वाटेवर आणखी काहीतरी मिळत असते.

‘ब्रेकिंग बॅड’च्या लेखकांनी असे क्षण फार विचारपूर्वक पेरले आहेत, आणि पहिला तर पाचव्याच भागात येतो. ग्रे मॅटर या कंपनीच्या स्थापनेत वॉल्टर भागीदार होता. आता ती कंपनी त्याचा जुना मित्र एलियट आणि एकेकाळची प्रेयसी ग्रेचेन यांची आहे, आणि ते दोघे गडगंज श्रीमंत आहेत. एलियट त्याला आरोग्य विम्यासह नोकरी देऊ करतो. वॉल्टर नकार देतो. त्यानंतर ग्रेचेन फोन करून उपचारांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवते, तेव्हा तो विम्याची सोय झाल्याचे खोटे सांगून तिलाही टाळतो आणि त्याच भागाच्या शेवटी जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. लक्षात घ्या की तोपर्यंत त्याच्या हातून माणूस मारला गेला आहे. हा धंदा कसा आहे हे त्याला आता ऐकून नव्हे, तर अनुभवाने ठाऊक आहे. उपचारांचे पैसे स्वच्छ मार्गाने मिळत असताना तो परत त्या धंद्यात जातो, आणि घरी मात्र सांगतो की ग्रेचेन आणि एलियटच पैसे देत आहेत.

‘कुटुंबासाठी’ म्हणणाऱ्यांची बाजू इथे कोसळते असे दुसऱ्या पक्षाला वाटेल. मला तसे वाटत नाही, आणि मंडळातल्या बागायतदारांनी याच ठिकाणी मांडलेला मुद्दा मला चर्चेतला सर्वांत मोलाचा वाटला. त्यांचे म्हणणे असे की ज्याने आपला वाटा गमावला त्याने त्याच वाट्यावर श्रीमंत झालेल्यांकडून औषधाचे पैसे घ्यावेत, ही अपेक्षा परक्यांनी करणे सोपे असते. भाऊबंदकीत दुखावलेला माणूस सावकाराकडे जाईल, पण त्या भावाच्या दारात जाणार नाही. खानदेशात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या एका शिबिरात रावेरकडच्या एका तरुण नटाने हाच प्रसंग वाचून एका वाक्यात सांगितले होते, ‘त्याले मान पाहिजे व्हता, पैसा नही.’ हे वाक्य वॉल्टरला दोषी ठरवत नाही आणि सोडवतही नाही, पण हेतूचे नाव मात्र अचूक सांगते. कुटुंबाची चिंता खोटी नव्हती. ती दूर करणारा माणूस आपण स्वतःच असले पाहिजे ही त्याची अट होती, आणि ती अट चिंतेपेक्षा जड निघाली.

पुढे मालिका हीच परीक्षा आकड्यांत घेते. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी वॉल्टर मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, घरखर्च असा सगळा हिशेब मांडतो आणि ७,३७,००० डॉलर ही रक्कम काढतो: एवढे मिळाले की थांबायचे. हा आकडा वहीत वेगळा लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक भागात त्याच्या शब्दांची पारख या आकड्याने करता येते. पाचव्या पर्वात कच्च्या रसायनाचा साठा विकून टाकून प्रत्येकी ५० लाख डॉलर घेऊन बाहेर पडण्याची संधी येते. धंद्यातला तिसरा भागीदार माइक आणि जेसी तयार आहेत. वॉल्टर तयार नाही. तो जेसीला सांगतो की ग्रे मॅटरमधला आपला वाटा त्याने ५,००० डॉलरना विकला होता, कंपनीची किंमत आज २.१६ अब्ज डॉलर आहे, आणि ती किंमत तो दर आठवड्याला पाहतो. आपला धंदा मालाचा किंवा पैशाचा नसून साम्राज्याचा आहे, असेही तो म्हणतो. ठरवलेल्या रकमेच्या जवळजवळ सातपट रक्कम समोर असताना दिलेला हा नकार आहे. या कृतीपुरता निकाल स्पष्ट आहे, आणि इथे ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणणे म्हणजे मालिका नीट न पाहणे होय.

दुसऱ्या पर्वात याहून सूक्ष्म एक जागा आहे, तिच्याकडे मंडळाचे दुर्लक्ष झालेले दिसते. रोग मागे हटला आहे ही बातमी मिळाल्यावर वॉल्टर स्वच्छतागृहात एकटाच जातो आणि तिथल्या धातूच्या पेटीवर ठोसे मारतो. काही दिवसांनी हार्डवेअरच्या दुकानात त्याला अमली पदार्थासाठी चुकीचे साहित्य खरेदी करणारा एक नवखा दिसतो, आणि तो बाहेर जाऊन त्याला आणि त्याच्या साथीदाराला आपल्या इलाख्यात पाय ठेवू नका असे बजावतो. ज्या मृत्यूच्या भीतीने हे सुरू झाले असे तो सांगतो, ती भीती ओसरल्यावर त्याला सुटका वाटायला हवी होती. त्याला राग येतो. कारण आता तो परत पूर्वीचा, गाड्या धुण्याच्या दुकानात जोडधंदा करणारा, कोणी न विचारणारा मास्तर होणार असतो.

ही कसोटी एकाच बाजूला झुकलेली आहे, ती नेहमी माणसाला लबाडच ठरवते, अशी शंका रेल्वेतल्या गृहस्थांनी घेतली आहे. तसे नाही, आणि त्यासाठी त्यांनीच मांडलेले कर्णाचे उदाहरण घेऊ. २ ऑक्टोबर १९८८ पासून दूरदर्शनवर दाखवली गेलेली ‘महाभारत’ मालिका पाहत वाढलेली पिढी कर्णावरून असाच वाद घालत आली आहे: दुर्योधनाची साथ त्याने कृतज्ञतेने दिली की राज्याच्या आणि मोठेपणाच्या लोभाने? उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो, थोरला पांडव म्हणून सिंहासन देऊ करतो. राज्य, कुळ, मान, सारे एका शब्दावर मिळणार असते. कर्ण नकार देतो आणि ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस असेही सांगतो, कारण ती कळली तर युधिष्ठिर राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू, हे त्याला ठाऊक असते. लोभाचा आरोप या ठिकाणी संपतो. अर्जुनाविषयीची ईर्ष्या उरते, द्रौपदीच्या अपमानातला त्याचा सहभाग उरतो, पण लोभ उरत नाही. तीच कसोटी लावून वॉल्टर उघडा पडतो आणि कर्णावरचा एक आरोप गळून पडतो.

आता जेन. प्रसंग काटेकोरपणे आठवला पाहिजे, कारण मंडळाचा वाद बराचसा अर्धवट आठवणीवर चालला आहे. जेन ही जेसीची मैत्रीण. जेसीच्या वाट्याचे पैसे मिळाले नाहीत तर सारे उघड करीन, अशी धमकी तिने वॉल्टरला दिली आहे. वॉल्टर ते पैसे नेऊन देतो. त्याच रात्री तो पुन्हा जेसीच्या घरी जातो. दोघेही नशेत बेशुद्ध झोपलेले असतात; जेसीला जागे करण्यासाठी वॉल्टर त्याला हलवतो, त्या धक्क्याने कुशीवर झोपलेली जेन पाठीवर वळते, तिला उलटी होते आणि ती गुदमरू लागते. तो धावतो, हात पुढे करतो, आणि थांबतो. ती मरते. तो रडतो.

शिक्षिकांपैकी एकीचे म्हणणे आहे की त्याने जेसीला वाचवले, कारण जेनबरोबर जेसीही नशेत संपला असता. वकिलांचे म्हणणे आहे की त्याने स्वतःला वाचवले. मी दोघांनाही विनंती करीन की आधी तो धावतो त्या क्षणाकडे पाहावे. तो पहिला हेतू आहे, आणि तो वाचवण्याचा आहे. त्यावर शंका घेण्याचे कारण नाही, कारण त्या वेळी खोलीत शुद्धीवर असलेले दुसरे कोणी नव्हते आणि नाटक करून दाखवावे असा प्रेक्षक त्याला नव्हता. नंतर काही सेकंदांत दुसरा विचार येतो आणि हात मागे जातो. त्या विचारात जेसीचे भले होते की स्वतःची सुरक्षितता, हे अभिनेत्याच्या चेहऱ्यावर एकत्रच दिसते, आणि तिथे मी कोणत्याही एका बाजूने निकाल देणार नाही. पण पुढचे वर्तन बोलते. जेसीच्या भल्यासाठीच केले असते तर जेसी स्वतःला जेनचा मारेकरी समजून झुरत असताना वॉल्टरने त्याच्यावरचे ते ओझे कधीतरी उतरवले असते. तो सत्य लपवून ठेवतो, आणि शेवटच्या पर्वात सांगतो तेव्हा जेसीला मारेकऱ्यांच्या हाती सोपवताना, त्याला आणखी दुखावण्यासाठीच सांगतो. ज्याच्या भल्यासाठी एक कृती केली असे म्हणायचे, तीच कृती पुढे त्याच्यावर हत्यार म्हणून वापरायची, या दोन गोष्टी एका हेतूत बसत नाहीत.

वकिलांनी कायद्याचा दाखला दिला आहे, तो उपयोगाचा आहे पण मर्यादेत. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६ मध्ये, हेतू आणि पूर्वतयारी यांच्याबरोबरच घटनेपूर्वीचे आणि घटनेनंतरचे वर्तन सुसंगत मानले आहे. जेनच्या प्रसंगात मी नेमके तेच केले. फरक असा की न्यायालयाला पुष्कळदा कृत्य माहीत असते आणि कर्ता शोधायचा असतो, म्हणून हेतू हा तिथे कर्त्याकडे नेणारा एक दुवा असतो. प्रेक्षकाने कर्त्याला कृत्य करताना डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यामुळे ‘हेतू सिद्ध झाला नाही, म्हणून संशयाचा फायदा’ हे सूत्र मालिकेच्या चर्चेत आणले की चर्चा थांबते. कोणालाही शिक्षा होणार नसते. समजून घेण्याचे थांबवण्याचे कारण काय?

पात्राच्या तोंडचे शब्द हा सर्वांत कच्चा पुरावा असतो, हे सर्वांना पटते, पण शेवटच्या कबुलीपाशी सगळेच विसरतात. अखेरच्या भागात वॉल्टर आपल्या बायकोला, स्कायलरला, सांगतो की जे केले ते स्वतःसाठी केले, त्याला ते आवडत होते, त्यात तो तरबेज होता. एक पक्ष हे वाक्य निकालपत्रासारखे फडकावतो. परंतु कबुलीसुद्धा कोणाला तरी, काहीतरी साधण्यासाठी दिलेली असते. त्याआधी दोनच भाग मागे जा: घरात पोलीस बसलेले आहेत हे ओळखून तो स्कायलरला फोनवर अत्यंत घाणेरडे बोलतो, आणि बोलताना रडत असतो. ते बोलणे तिला गुन्ह्यातून सोडवण्यासाठी आहे, आणि त्याच वेळी त्यात साचलेला खरा रागही आहे. अखेरच्या कबुलीचेही तसेच आहे. ती सत्य आहे असे मी मानते, कारण ती देऊन त्याला काही मिळवायचे उरलेले नव्हते आणि सबब टाकून देणे हीच स्कायलरला देता येण्याजोगी शेवटची गोष्ट होती. मात्र ती पूर्ण सत्य नाही. त्याच भागात तो ९७ लाख २० हजार डॉलर एलियट आणि ग्रेचेन यांच्यापुढे ठेवून, त्यांना धमकावून, ते पैसे आपल्या मुलाला पोहोचवण्याची व्यवस्था करतो. म्हणजे कुटुंबाचा हेतू अखेरपर्यंत जिवंत आहे. फक्त त्याच्या आदल्याच भागात मुलाने फोनवर ओरडून तुझे पैसे नकोत असे सांगितलेले आहे. मुलाला काय हवे हे ऐकूनही आपल्याला जे द्यायचे तेच देणारा हा बाप आहे, आणि मला वाटते, पाचव्या भागातला नकार आणि हे शेवटचे देणे यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे.

मंडळाने पुढे आपल्या रोजच्या मराठी मालिकांवरही अशीच चर्चा करायचे ठरवले आहे, म्हणून एक इशारा देते. तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ची पर्वे सात ते सोळा भागांची होती आणि लेखकांना मागचे-पुढचे जुळवायला वेळ होता. दैनंदिन मालिकेत आठवड्याला सहा भाग जातात, कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी पुष्कळदा असते, आणि दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर कथानक वळते. काल कटकारस्थान करणारी जाऊ आज एकाएकी मायाळू झाली, तर तिच्या मनात काय झाले असेल यावर तासभर बोलण्याआधी, ती प्रेक्षकांना आवडू लागली होती का, किंवा कलाकार दुसऱ्या कामासाठी सुट्टीवर गेली होती का, हे विचारावे. ज्या बदलाचे कारण कथेबाहेर आहे त्याचे कारण पात्राच्या मनात शोधणे हा लेखकाचा नव्हे, प्रेक्षकाच्याच बुद्धीचा अपव्यय आहे. अशा मालिकेत एखादे पात्र महिनोन् महिने एकाच स्वभावाशी प्रामाणिक राहिलेले दिसले, तर त्याची चर्चा अवश्य करावी; ते कोणीतरी फार झगडून सांभाळलेले असते.

ज्या दोघांनी येणे बंद केले त्यांच्याविषयी. हेतू समजावून सांगणे म्हणजे कृत्याचे समर्थन करणे नव्हे, हे तत्त्वतः सगळ्यांना मान्य असते, तरी बोलता बोलता ते सुटते, आणि मग वॉल्टरची बाजू समजावणारा माणूस स्वतःच वॉल्टरसारखा असल्याचे सूचित केले जाते. ज्याने घरातल्या आजारपणासाठी कर्ज काढले आहे त्याला पहिल्या पर्वातला वॉल्टर अधिक जवळून कळणार, आणि ज्या बाईने नवऱ्याच्या खोट्यावर संसार ओढला आहे तिला स्कायलर अधिक कळणार. ही जवळीक पुराव्यासारखी वापरू नये, पण तिची लाजही वाटू देऊ नये. चर्चेचे दोन भाग करावेत: आधी फक्त ‘का केले’, आणि ते सर्वांना मान्य होईल इतके स्पष्ट झाल्यावरच ‘योग्य केले का’. दोन्ही एकाच वाक्यात आले की भांडण होते. बागायतदारांचा मानाचा मुद्दा पहिल्या भागातला होता. तो दुसऱ्या भागातला समजून त्यांच्यावर तुटून पडणे अन्यायाचे होते.

आणि स्कायलरबद्दल मला स्वतंत्रपणे बोलायचे आहे, कारण मंडळाच्या पत्रात तिचा उल्लेख ‘कटकट करणारी बायको’ एवढाच आला आहे. जगभर असेच झाले. तिची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना या पात्राविषयीचा द्वेष इतका सोसावा लागला की त्यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. नवऱ्याच्या प्रत्येक खुनामागचा हेतू तासन् तास उलगडणारे लोक बायकोच्या प्रत्येक रागाला स्वभावदोष म्हणून मोकळे होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिलाही तीच कसोटी लावा. सत्य कळल्यावर तिच्यापुढे कोणत्या वाटा होत्या? पोलिसांकडे जाणे, म्हणजे मुलाच्या डोळ्यांसमोर बापाला बेड्या पडणे. घटस्फोट, जो तिने मागितला आणि वॉल्टरने घरात परत येऊन अडवला. किंवा पैसे लपवायला मदत करणे. ती तिसरी वाट धरते, आणि मग त्या कामात तीही तरबेज होत जाते. गाड्या धुण्याचे दुकान विकत घेताना ती ज्या चतुराईने मालकाला झुकवते, त्यात तिला समाधान मिळते की नाही, हा खरा अवघड प्रश्न आहे. मोठ्या गोदामात रचलेली नोटांची रास दाखवून, आणखी किती पुरे होतील, असे वॉल्टरला विचारणारीही तीच आहे. या दोन स्कायलर एकमेकींना कशा धरून आहेत, यावर मंडळाने एक पूर्ण शनिवार द्यावा, आणि त्या दिवशी बोलायला सुरुवात शिक्षिकांनी करावी.

त्या बैठकीसाठी दोन प्रवेश पुरेसे होतील: चौथ्या पर्वातला दुकानाच्या खरेदीचा आणि पाचव्या पर्वातला नोटांच्या राशीचा. प्रत्येक प्रवेश दोनदा दाखवावा, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून, म्हणजे शब्द बाजूला पडतात आणि माणसे काय करतात तेवढेच दिसते. मग प्रत्येकाने, कोणाचेही न ऐकता, तिला त्या क्षणी कोणाकडून काय हवे आहे ते एका वाक्यात कागदावर लिहावे आणि ती वाक्ये मोठ्याने वाचावीत. जिथे सगळ्यांची वाक्ये जुळतील तिथे वेळ घालवू नये, आणि जिथे फाटतील तिथे प्रवेश तिसऱ्यांदा लावावा.